वाऱ्याच्या दोन बाजू : जमैकात मुक्काम कुठे करावा

कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावर सुट्टी घालवायची ठरली की बहुतेक प्रवासी बेटाच्या निवडीवर पुष्कळ विचार करतात. त्या बेटाच्या नेमक्या कोणत्या भागात राहायचे, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र विमानतळापासूनचे अंतर किंवा हॉटेलच्या जाहिरातीतले छायाचित्र पाहून निकालात काढला जातो. जमैकाच्या बाबतीत ही घाई विशेष नडते. सुमारे ११,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे, २३५ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त सुमारे ८० किलोमीटर रुंद असे हे बेट म्हणजे आकाराने आपला सातारा जिल्हा; आणि ज्या वाचकाला महाबळेश्वरचा पाऊस आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्याचा कोरडेपणा ठाऊक आहे, त्याला लहानशा भूभागात दोन अगदी वेगळे प्रदेश कसे नांदतात हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जमैकातही हा भेद डोंगर आणि वारा यांनीच घडवला आहे, आणि मुक्कामाची निवड करताना तोच पायाभूत मानला तर पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात.

विषुववृत्ताच्या उत्तरेकडील उष्ण कटिबंधात वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येकडून नैऋत्येकडे वाहणाऱ्या स्थिर वाऱ्यांना व्यापारी वारे म्हणतात. अटलांटिकवरून बाष्प घेऊन येणारे हे वारे जमैकाच्या पूर्व टोकावरील ब्लू माउंटन्स आणि जॉन क्रो या पर्वतरांगांवर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि आपल्याजवळचे बहुतेक पाणी तेथेच सोडून देतात. पर्वताच्या ज्या अंगावर वारा थेट येतो त्याला वाताभिमुख बाजू, तर आडोशाच्या अंगाला वातविमुख बाजू किंवा पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. या रांगांच्या काही भागांत वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, ईशान्य किनाऱ्यावरील पोर्ट अँटोनियो या गावीही तो ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरले की राजधानी किंग्स्टनला मात्र जेमतेम ८०० मिलिमीटरच्या आसपास येतो. पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात एवढी तफावत असल्यामुळे ‘जमैकाचे हवामान कसे असते’ या प्रश्नाला एकच उत्तर देताच येत नाही. कोणत्या बाजूचे, हे आधी विचारावे लागते.

पावसाचे दोन भर असतात, एक मे महिन्याच्या सुमारास आणि दुसरा, अधिक मोठा, ऑक्टोबरच्या सुमारास. डिसेंबर ते एप्रिल हा काळ सर्वांत कोरडा आणि म्हणूनच सर्वांत महाग असतो. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम; त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने अधिक धोक्याचे, आणि या काळात स्वस्त मिळणाऱ्या खोलीची खरी किंमत प्रवाशाने नीट तोलून पाहावी. दिवसा समुद्रावरून येणाऱ्या सुखद वाऱ्याला जमैकातील लोक ‘डॉक्टर ब्रीझ’ म्हणतात. किनाऱ्यावरील दुपार सुसह्य होते ती त्याच्यामुळे.

पूर्वेकडून सुरुवात करणे योग्य, कारण जमैकातील पर्यटनाचा आरंभही तेथेच झाला. बेटाचे परंपरेने १४ पॅरिश पडतात. पॅरिश म्हणजे चर्चच्या जुन्या हद्दींवरून आलेला, साधारण आपल्या तालुक्याएवढा प्रशासकीय विभाग. त्यांपैकी ईशान्येच्या पोर्टलंडचे मुख्य गाव म्हणजे पोर्ट अँटोनियो. १८७० च्या दशकात लोरेन्झो डाउ बेकर या अमेरिकी जहाजमालकाने येथून केळी अमेरिकेला नेण्यास सुरुवात केली, आणि केळी घेऊन जाणाऱ्या जहाजांतून परतीच्या फेरीत हिवाळ्याला कंटाळलेले प्रवासी येऊ लागले. आज मोठी हॉटेले पश्चिमेकडे गेली आहेत आणि पोर्टलंडला भरपूर पाऊस आणि तुलनेने शांतता उरली आहे; सुट्टीत केवळ ऊन हवे असेल तर ही उणीव आहे, पण ज्याला बेट पाहायचे आहे त्याच्या दृष्टीने यासारखे दुसरे ठिकाण जमैकात नाही. रिओ ग्रांदे नदीतून बांबूच्या तराफ्यावरून केला जाणारा प्रवास येथे प्रसिद्ध आहे, आणि हे तराफे मुळात मळ्यांतील केळी बंदरापर्यंत आणण्यासाठी वापरले जात असत. ब्लू लगून या खोल खाजणात जमिनीखालून येणारे गोड, थंड झरे समुद्राच्या उबदार पाण्यात मिसळतात आणि प्रकाशाबरोबर पाण्याचा रंग पालटत राहतो. विनिफ्रेड हा किनारा स्थानिक रहिवाशांनी न्यायालयीन लढा देऊन सर्वांसाठी खुला राखला आहे. बोस्टन बे येथे मसाला चोळलेले मांस पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या झाडाच्या लाकडावर मंद आचेने भाजण्याची ‘जर्क’ ही पद्धत तिच्या जुन्या रूपाच्या सर्वांत जवळची मिळते.

या पद्धतीचे मूळ मरून लोकांकडे जाते. मळ्यांतील गुलामीतून निसटून डोंगरांत स्वतंत्र वस्त्या करणाऱ्या आफ्रिकी लोकांना आणि त्यांच्या वंशजांना मरून म्हणतात. ब्रिटिशांनी त्यांचे दोन गट वाऱ्याच्याच हिशेबाने ओळखले: पूर्वेच्या ओल्या डोंगरांतील वाताभिमुख मरून आणि पश्चिमेच्या चुनखडी प्रदेशातील वातविमुख मरून. ब्रिटिश फौजांना अनेक वर्षांच्या लढाईत त्यांचा पाडाव करता आला नाही, आणि अखेर १७३९-४० मध्ये दोन्ही गटांशी तह करावे लागले. पोर्टलंडच्या आतल्या भागातील मूर टाउन ही वाताभिमुख मरूनांची वस्ती असून नॅनी ही त्यांची नेता आज जमैकाची राष्ट्रीय वीरांगना मानली जाते. ब्लू आणि जॉन क्रो माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानाला २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तो निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. ज्या दुर्गम अरण्याने दुर्मीळ वनस्पती वाचवल्या, त्यानेच माणसांचे स्वातंत्र्यही वाचवले, याची ती नोंद आहे.

याच पर्वतांच्या उतारांवर सुमारे ९०० ते १,७०० मीटर उंचीच्या दरम्यान ब्लू माउंटन कॉफी पिकते. हे नाव वापरण्याचा अधिकार कायद्याने ठरवलेल्या पॅरिशांतील ठरावीक उंचीच्या मळ्यांनाच आहे, आणि ढगांमुळे कमी मिळणारे ऊन व थंडावा यांमुळे फळ सावकाश पिकून कॉफीला तिची मृदू चव येते. २,२५६ मीटर उंचीचे ब्लू माउंटन शिखर हे बेटाचे सर्वोच्च स्थान; सूर्योदय गाठण्यासाठी लोक मध्यरात्रीनंतर चढायला लागतात. डोंगरात राहण्यासाठी गरम कपडे सोबत लागतात, ही साधी गोष्ट किनाऱ्यासाठी सामान भरणारा प्रवासी हमखास विसरतो.

डोंगराच्या आडोशाला वसलेले किंग्स्टन हे शहर सुट्टीच्या आखणीतून बहुतेकदा वगळले जाते आणि त्याचे कारण म्हणून गुन्हेगारीकडे बोट दाखवले जाते. शहराच्या काही वस्त्यांत प्रवाशाने जाऊ नये हे खरे असले, तरी त्यासाठी सबंध शहर गाळणे म्हणजे या देशाचे अंतःकरण गाळून त्याची केवळ वाळू पाहणे होय. खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या लांब दांड्याच्या टोकावर पोर्ट रॉयल हे सतराव्या शतकातील इंग्रजांचे अतिशय श्रीमंत बंदर होते. ७ जून १६९२ रोजी झालेल्या भूकंपात भिजलेली वाळू द्रवासारखी वाहू लागून शहराचा मोठा भाग समुद्रात गेला, आणि वाचलेल्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावर किंग्स्टन वसवले. पाण्याखाली गेलेल्या त्या शहराला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. संगीतासाठी तर किंग्स्टनला पर्याय नाही: स्का, रॉकस्टेडी आणि रेगे हे तिन्ही प्रकार याच शहरातील ध्वनिमुद्रणगृहांत आणि रस्त्यांवरच्या ध्वनिक्षेपकांपुढे घडले, होप रोडवरील बॉब मार्ली यांचे घर आज संग्रहालय आहे, आणि रेगेचा समावेश २०१८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

क्रिकेट जाणणाऱ्या मराठी वाचकाला किंग्स्टनला जाण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सबिना पार्क. फेब्रुवारी १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने वेस्ट इंडीज दौऱ्यातील पहिली कसोटी येथे खेळली, आणि ५ बाद ७५ अशा अवस्थेतून मडगावात जन्मलेल्या व मुंबईकडून खेळलेल्या दिलीप सरदेसाई यांनी एकनाथ सोलकर यांच्या साथीने डाव सावरत २१२ धावा केल्या. या कोरड्या शहरात, तेही कोरड्या महिन्यात, सामन्याचा पहिला दिवस पावसाने वाया गेला होता. त्यामुळे फॉलोऑनसाठी लागणारी आघाडी १५० धावांवर आली आणि तिचा लाभ घेऊन वाडेकरांनी वेस्ट इंडीजला पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. सामना अनिर्णित राहिला, परंतु पुढे मालिका १-० ने जिंकून भारताने वेस्ट इंडीजच्या भूमीवर पहिला मालिकाविजय मिळवला. ते मैदान पाहण्यासाठी शहरात एक दिवस अधिक राहणे मुळीच वावगे नाही.

उत्तर किनाऱ्याचे रूप समजण्यासाठी खडकाकडे पाहावे लागते. बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चुनखडीचा आहे, आणि चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळत असल्याने नद्या मध्येच जमिनीखाली लुप्त होतात आणि किनाऱ्याजवळ झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येतात. ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा अशाच झऱ्यांच्या पाण्यावर वाहतो. पाण्यात विरघळलेला चुना खडकांवर साचत जाऊन रुंद पायऱ्या बनल्या आहेत, आणि समुद्राला मिळणाऱ्या या पायऱ्यांवरून सुमारे १८० मीटरचे अंतर लोक हातात हात गुंफून चढतात. या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ एकदम खोल जातो, त्यामुळे प्रवाळाच्या भिंती किनाऱ्याला लागून आहेत आणि प्रवाळ झिजून झालेली वाळू पांढरी आहे. पाण्याखालचे जग पाहू इच्छिणाऱ्यांनी म्हणून उत्तर किनारा निवडावा. फाल्मथजवळच्या खाडीत गोडे आणि खारे पाणी एकत्र येते तेथे सूक्ष्म जीव हालचालीबरोबर निळसर प्रकाश देतात. तो अंधाऱ्या, चांदणे नसलेल्या रात्री स्पष्ट दिसतो, तेव्हा मुक्कामाचे दिवस ठरवताना पंचांग पाहण्याचा उपयोग खरोखर होतो. मात्र ओचो रिओस आणि फाल्मथ ही दोन्ही हजारो प्रवासी वाहणाऱ्या पर्यटनजहाजांची बंदरे आहेत, आणि जहाज लागलेल्या दिवशी धबधबा व बाजार दोन्ही गजबजून जातात. जहाजांची वेळापत्रके आधीच जाहीर होत असल्याने ते दिवस टाळणे अवघड नाही. डोंगरात आत, ओचो रिओसच्याच सेंट अ‍ॅन पॅरिशमध्ये, नाइन माइल हे बॉब मार्ली यांचे जन्मगाव आणि समाधिस्थान आहे.

मोंटेगो बे येथे बेटावरील सर्वांत मोठी पर्यटक वर्दळ असलेला विमानतळ आहे आणि येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तेथूनच सर्वसमावेशक हॉटेलांकडे वळतात. खोली, जेवण, पेये आणि करमणूक यांचे पैसे एकदाच घेणाऱ्या या व्यवस्थेत लहान मुलांच्या कुटुंबांची मोठी सोय होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पैसे आधीच भरलेला प्रवासी आवाराबाहेर जेवायला जात नाही, गावातल्या खानावळीला व टॅक्सीवाल्याला त्याचा उपयोग होत नाही, आणि जमैकाची त्याला ओळख होते ती हॉटेलच्या कर्मचाऱ्यांपुरती. याहून गंभीर प्रश्न किनाऱ्यांचा आहे. १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्यानुसार किनाऱ्यावरील हक्क शासनाकडे आहेत आणि सामान्य जनतेला सर्वत्र समुद्रात उतरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यामुळे हॉटेलांची कुंपणे वाढत गेली तसतसे जमैकाच्या नागरिकांचे किनारे कमी होत गेले. स्थानिक माणसे जेथे पोहतात अशा किनाऱ्यावर जाणे आणि तेथील विक्रेत्याकडून काही विकत घेणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे, पण प्रवाशाच्या हाती असलेला योग्य मार्ग तोच आहे.

पश्चिम टोकावरील नेग्रिल डोंगरांच्या ओल्या बाजूपासून सर्वांत दूर आहे आणि तेथील समुद्र बहुधा शांत असतो. लांबच लांब पांढरी वाळू, तिच्या दक्षिणेला चुनखडीचे कडे आणि थेट समुद्रात होणारा सूर्यास्त, एवढ्यावर त्याची ख्याती उभी आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे वारे पश्चिमेकडे एकमेकांना भेटतात आणि गडगडाटी सरी पडतात, पण त्या लवकर ओसरतात. विश्रांती हाच हेतू असेल तर नेग्रिल पुरेसे आहे.

मोंटेगो बेच्या दक्षिणेला कॉकपिट कंट्री हा प्रदेश आहे. चुनखडी विरघळून तयार झालेल्या खळगे, गुहा आणि टेकड्यांच्या भूरूपाला कार्स्ट म्हणतात, आणि येथे ते शेकडो गोल टेकड्या व त्यांमधल्या खोल खळग्यांच्या रूपात दिसते. वातविमुख मरूनांचे अ‍ॅकंपाँग हे गाव याच्याच कडेला असून ६ जानेवारीला तेथे तहाचा स्मरणोत्सव होतो. स्थानिक वाटाड्याशिवाय या रानात शिरू नये.

दक्षिण किनारा हा जमैकाचा सर्वांत कमी पाहिलेला आणि अनेक अर्थांनी सर्वांत मोकळा भाग आहे. सेंट एलिझाबेथ पॅरिशमधील ट्रेझर बीचच्या परिसरात पाऊस इतका कमी पडतो की शेतकरी तांबड्या मातीवर गिनी गवताचे जाड आच्छादन घालून ओल टिकवतात आणि त्यावर कलिंगड, कांद्याची पात, टोमॅटो घेतात. वाळू येथे करडी आहे, लाटा जोरदार आहेत आणि मोठी हॉटेले जवळजवळ नाहीत. घरगुती निवासांत राहून मासेमारांच्या होडीतून ब्लॅक रिव्हरच्या मुखाकडे जाता येते, जेथे दलदलीत मगरी आढळतात. आतल्या नॅसॉ खोऱ्यात अ‍ॅपल्टन ही १७४९ पासून रम बनवणारी जुनी पेढी आहे. दक्षिणेच्या उसाच्या मळ्यांशी भारताचाही संबंध आहे: गुलामी संपल्यानंतर मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पहिले जहाज १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे येथे लागले, आणि १९१७ पर्यंत ३६,००० च्या आसपास भारतीय, बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील, या बेटावर आले. बोकडाच्या मटणाची करी आज प्रत्येक जमैकन समारंभात असते ती त्यांच्यामुळे. शाकाहारी प्रवाशाची सोय मात्र रास्ताफारी पंथाच्या ‘आयटल’ भोजनात आहे, ज्यात कडधान्ये, कंद आणि भाज्या नारळाच्या दुधात शिजवतात.

या बाजूच्या निवडीत एक इशारा आवश्यक आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिल या चक्रीवादळाने दक्षिण किनाऱ्याला झोडपले, आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे वादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह नैऋत्य जमैकावर धडकले. ब्लॅक रिव्हर गावाची अपरिमित हानी झाली, पश्चिमेकडील पॅरिशांतील घरे, शाळा व शेती उद्ध्वस्त झाली, आणि पूर्वेकडील भागाला तुलनेने कमी झळ पोहोचली. पश्चिम व दक्षिणेला जाणाऱ्याने कोणते निवास आणि रस्ते पूर्ववत झाले आहेत याची ताजी चौकशी करावी. चौकशीचे उत्तर अनुकूल आले तर तेथे जाणे टाळू नये, कारण उत्पन्न बुडालेल्या गावांना प्रवाशाची गरज अशा वेळीच सर्वाधिक असते. याखेरीज २०११ पासून सरगॅसम या तरंगत्या समुद्रशेवाळाचे ढीग काही हंगामांत, प्रामुख्याने पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर, येऊन पडू लागले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

नकाशावर लहान दिसणारे हे बेट रस्त्याने लहान नाही. डोंगरी वळणे, अरुंद पूल आणि मध्येच लागणारी बाजारपेठ यांमुळे शंभर किलोमीटरला तीन तास लागू शकतात. किंग्स्टन आणि ओचो रिओसचा परिसर जोडणारा, २०१६ मध्ये खुला झालेला टोल रस्ता हा मोठा अपवाद. भारतातून थेट विमान नसल्याने युरोप किंवा उत्तर अमेरिकेतून यावे लागते आणि जाण्यायेण्यात प्रत्येकी दीड-दोन दिवस सहज जातात. म्हणून बेटावर आठवडाभरच मिळणार असेल तर सबंध बेटाला प्रदक्षिणा घालण्याचा बेत सोडून द्यावा आणि वाऱ्याच्या दोन बाजूंची दोनच ठिकाणे निवडावीत: एक ओल्या पूर्वेचे, एक कोरड्या अंगाचे. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी किंग्स्टन, ब्लू माउंटन्स आणि पोर्ट अँटोनियो यांना चार-पाच दिवस देऊन उरलेले दिवस ट्रेझर बीच किंवा नेग्रिल यांपैकी एकाच ठिकाणी घालवणे ही सर्वांत चांगली आखणी आहे; दोन आठवडे हाती असतील तरच उत्तर किनारा आणि कॉकपिट कंट्री तिच्यात जोडावे. विमानाचे तिकीट काढताना किंग्स्टनला उतरून मोंटेगो बेहून परतण्याची सोय मागावी, म्हणजे एकाच रस्त्यावरून परत जाण्यात एक दिवस खर्ची पडत नाही.